सगळ्यांचा श्वास वीस

"इसका मुँह घर पे छूट गया है क्या?" मॅडम वॉर्डातल्या सिस्टरला विचारत होत्या. मी समोरच उभी होते, पण मला विचारून उपयोग नव्हता. उत्तर मिळालं नसतं. मग त्यांनी मी लावलेल्या बेडची चादर दोन बोटांत धरली आणि सर्रकन ओढून काढली. कोपरा म्हणे ढिला होता. "फिर से."

त्या आमच्या क्लिनिकल इन्स्ट्रक्टर. पेन खिशात नाही, अंबाड्यात खोचलेलं. सही द्यायची असली की ते बाहेर यायचं, नाहीतर आणखी खोल जायचं. प्रोसीजर बुकात त्यांच्या सगळ्या सह्या झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही, म्हणून आम्ही नर्सिंगच्या मुली त्यांच्या तोंडाकडे न बघता अंबाड्याकडे बघायचो. मला त्या 'कॉन्व्हेंट' म्हणत. ब्रह्मा घाटावरच्या घरी मराठी, शाळेत इंग्रजी, वॉर्डात हिंदी. तीन भाषा असून पोरगी गप्प, याचा त्यांना मनापासून राग होता.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पहिलं ड्रेसिंग बघून मला भोवळ आली, तेव्हा त्यांनी मला पालथ्या बादलीवर बसवलं, स्वतःच्या डब्यातली पुरी माझ्या तोंडात कोंबली आणि ओरडल्या, "मरना है तो अपने घाट पे जाके मर! यहाँ रजिस्टर मुझे भरना पड़ेगा." पुरी संपेपर्यंत माझी नाडी मात्र त्यांनी सोडली नाही.

श्वास मोजायलाही त्यांनीच शिकवलं. पेशंटला कळू द्यायचं नाही. मनगट धरून नाडी मोजतोय असं दाखवायचं आणि नजर छातीवर ठेवायची. पूर्ण मिनिट. पण वॉर्डात मिनिट असतं कुणाकडे? म्हातारी, तरणी, कण्हणारी, घोरणारी, सगळ्यांच्या चार्टवर श्वास वीस. मॅडम न बघता सही ठोकत.

उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. नव्या मॅडम गोड बोलतात आणि बादली फक्त फरशीसाठी वापरतात. माझी शेवटची सही जुन्या मॅडमनी अगदी जायच्या दिवशी दिली, पेन इतकं दाबून की मागच्या तीन पानांवर उमटली. एवढा उशीर का, ते सांगते.

सात नंबरच्या बेडवर एक आजी होत्या. (पुढे त्या बऱ्या होऊन चालत घरी गेल्या. उगाच तुमचा जीव टांगणीला नको.) मी मनगट धरलं, मोजलं. बत्तीस. पुन्हा मोजलं. बत्तीस. चार्टवर सकाळचे वीस, खाली मॅडमची सही. मी बत्तीस म्हटलं की ती सही खोटी पडणार. डॉक्टर दोनच बेड पलीकडे होते.

"कितना?" मॅडमनी विचारलं. पेन अंबाड्यातून निघून माझ्या बुकावर टेकलं होतं. "बीस लिख, कॉन्व्हेंट. जल्दी."

बाकीच्या मुली आपापल्या बुटांकडे बघत होत्या. आजींची छाती भात्यासारखी चालली होती.

"बत्तीस," मी म्हणाले, इतक्या मोठ्यानं की डॉक्टर वळले. "दो बार गिना है, मॅडम. पूरा मिनट."