पल्लवीच्या बायोडाटातला वाघ

माझ्या पोरीचा नोकरीचा बायोडाटा मी वाढदिवसाच्या फ्लेक्ससारखा सजवला आणि तिला न विचारता कंपनीला पाठवून दिला.

आर्णीत माझं फ्लेक्सचं दुकान आहे. ज्याला घरी कोणी पाणी विचारत नाही, तो माझ्या दुकानातून 'युवकांचा बुलंद आवाज' होऊन बाहेर पडतो! त्यामुळे लोहाऱ्याच्या एका दालमिलसाठी पल्लवीने केलेला बायोडाटा पाहून मला शरमच वाटली. एकच पान. तेही पांढरं!

"बापू, मी मावशीच्या गावाले, बोरी अरबले चालली. हा आज जसाच्या तसा मेल करून देजा. ही नोकरी गेली तर मले पुण्याले जा लागते, अन् मले जाचं नाही. हात नका लावू त्याले!"

मी लावणारही नव्हतो. पण शेजारच्या गॅरेजमधून सलीमभाई डोकावले.

"ये क्या भाऊ? पोरगी नोकरी मागून राह्यली का सुतक कळवून राह्यली?"

झालं! (माझ्यासारख्याला एवढी काडी पुरते.) मागे सोनेरी किरणं टाकली. कोपऱ्यात डरकाळी फोडणारा वाघ बसवला. वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'कर्तव्यदक्ष, भावी मॅनेजर कु. पल्लवी!' खाली रेफरन्स म्हणून तिचं काम ओळखणाऱ्या दोघांची नावं होती. दोघंच? आमच्याकडे बारशाच्या फ्लेक्सवरही याहून जास्त शुभेच्छुक असतात! मी फोटोंसकट अकरा लावले. सलीमभाईंनी स्वतःचा गॉगलवाला फोटो निवडून दिला.

चौथ्या दिवशी पल्लवीला मुलाखतीचं बोलावणं आलं. मी तिला गाडीवर बसवून लोहाऱ्याला नेलं.

"बापू, तुम्ही बाहेरच बसजा."

मी अर्थातच आत गेलो.

मॅनेजरसाहेबांनी टेबलावर रंगीत प्रिंट ठेवली. पल्लवीने ती पाहिली, मग मला पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"भावी मॅनेजर?" साहेब म्हणाले. "मग मी कुठं जाऊ?"

"तुमचीबी बढती होईनच ना साहेब!" मी धीर दिला.

"बापू!"

"अन् हा वाघ कायले?"

"आपल्या जिल्ह्यातलाच हाय, साहेब!"

"हे गॉगलवाले यांचं काम ओळखतात?"

"लहानपणापासून! तिच्या सायकलचं पंक्चर तेच काढत."

पल्लवीने बॅगेतून पांढरं पान काढलं. "सर, माझा बायोडाटा हा आहे. तो यांचा आहे."

साहेबांनी ते मिनिटभरात वाचलं. "शेतकरी गटाच्या गोदामाची आवक-जावक दोन हंगाम तुम्ही सांभाळली? आम्हाला स्टोअरला हेच पाहिजे. मग या रंगीत कागदावर ते कुठं आहे?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"ते... वाघाच्या शेपटीले जागा कमी पडून राह्यली होती," मी म्हणालो.

त्यानंतर साहेबांनी तुरीच्या पोत्यांपासून संगणकापर्यंत दहा प्रश्न विचारले. पल्लवीने दहाही उत्तरं दिली. (दोन मी देणार होतो, पण तिने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.)

"सोमवारपासून या," साहेब म्हणाले.

पल्लवीचा जीव भांड्यात पडला. माझा मात्र एका प्रश्नात अडकला होता.

"पण साहेब, खरं सांगा. तुम्ही बोलावलं ते माह्याच बायोडाटानं ना?"

"हो तर!" साहेब म्हणाले. "हे बनवणारा माणूस मले एकदा पाहाचा होता. पाहून झाला. सोमवारी यांना एकटंच पाठवजा."