हळदीकुंकवाचा सामना

वडील वारले आणि महिन्याभरात आम्हाला शिवाजीनगरची खोली सोडावी लागली. एक वळकटी, एक स्टोव्ह घेऊन आई आणि मी अण्णांकडे आलो. अण्णा म्हणजे माझे थोरले काका. आमच्या कन्नड मुलखातल्या शहराच्या कँटोन्मेंटात एका रग्बी क्लबाचं मैदान ते राखत, आणि प्रेक्षकांच्या लाकडी गॅलरीखाली त्यांना एक खोली मिळाली होती. वर लोक पाय आपटत आणि खाली आमच्या भातात माती पडे. पुढे गोरे साहेब एकेक करून गेले, गॅलरी ओस पडली, आणि माती पडायची थांबली. काकूला त्याचीच भीती वाटू लागली.

अण्णांनी इतक्या वर्षांत एकही सामना धड पाहिला नव्हता, हे कुणाला खरं वाटत नाही. फक्कीने रेषा आखायच्या आणि शिट्टी वाजली की मैदानाकडे पाठ करून उभं राहायचं. "खेळ पंच बघेल. आलेल्यांकडे कोण बघणार?" म्हणायचे. कोण कंटाळून उठलं, कोण एकटंच बसलंय, सगळं त्यांना पाठ.

एकदा क्लबाचे सेक्रेटरी मेजरसाहेब दारात येऊन म्हणाले, "अण्णा, या हंगामात गॅलरी भरली नाही तर कमिटी मैदान सोडणार. तुमची खोलीही जाईल."

"साहेब, बोलावल्याशिवाय माणूस लग्नालाही येत नाही. मला बोलवू द्या."

"बोलवा. पण ही रग्बी आहे, लग्न नाही."

मग अण्णांचे खास दिवस सुरू झाले. कारखान्यातल्या फिटरांचा दिवस झाला. पुढचे बाक त्यांना, वर गरम भजी. जवळच्या आनेकल गावच्या लोकांचा दिवस झाला, तिकडचे पैलवान बसने आले आणि दोन्ही संघांना "पाठ टेकव रे त्याची!" म्हणून ओरडत राहिले. गॅलरी अर्धी भरू लागली. काकू चिडवायची, "आता कावळ्यांचा दिवस ठेवा, न बोलावता येतील."

संक्रांत आली तसे अण्णा म्हणाले, "बाई आली की घर येतं." रग्बीच्या मैदानावर हळदीकुंकू! ही चूक आमच्याच घरात होऊ शकत होती. काकू करंडा घेऊन गॅलरीच्या पायरीशी उभी राहिली. मराठी बायका आल्या, कन्नड बायका आल्या, तिळगूळ झाला. माझी आई विधवा, ती आत फाटक्या जर्सी शिवत बसली. अण्णांना ते दिसलंच नाही, याचा मला आजही राग आहे.

गोविंद फिटर आमच्या संघात होता. त्याचं लग्न होऊन चारच महिने झाले होते. सरोजा, त्याची बायको, यायला तयार नव्हती. अण्णा स्वतः तिच्या दारात गेले. "अगं, ये की. नवरा काय करतो ते स्वल्प, थोडंसं, बघ तरी."

ती आली. त्या दिवशी सामन्याच्या उत्तरार्धात खेळाडूंचा ढीग कोसळला. अण्णांची पाठ होती. त्यांना ते बायकांच्या तोंडांवर दिसलं. ते वळले तेव्हा सगळे उठले होते, गोविंद उठला नव्हता. मान मोडली होती. तिसऱ्या दिवशी तो इस्पितळातच वारला. गोविंदच्या गल्लीतल्या बायका अण्णांच्या तोंडावर म्हणाल्या, "मैदानात कुंकू नेलंत, पुसून आणलंत."

हंगामाचा एक सामना उरला होता. मेजरसाहेब म्हणाले, "तो गोविंदच्या नावाने ठेवू. लोक नक्की येतील." येणार होतेच, आणि तेच अण्णांना खात होतं. दोन दिवस ते जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी आईला म्हणाले, "सुशीला, तू चल माझ्याबरोबर. मला सरोजापुढे बोलता येणार नाही."

बोलली आईच. मैदान, खोली, माझी शाळा, काही लपवलं नाही. सरोजाने सगळं ऐकून घेतलं. मग अण्णांना म्हणाली, "तुम्ही बोलावलंत म्हणून मी तिथे होते. नाहीतर ते परक्यांत पडले असते." आणि शेवटी, "सरी, बरं. ठेवा सामना. मी येणार नाही."

गॅलरी भरली. दोरीबाहेरही माणसं उभी होती. कमिटीने मैदान सोडलं नाही. अण्णांनी पुन्हा एकही खास दिवस केला नाही, मेजरसाहेबांनी विचारलं की म्हणत, "माझं झालं, साहेब."

माझा कॉलेजचा निकाल लागला तेव्हा पेढ्यांचा पुडा त्यांनी देवापुढेही ठेवू दिला नाही. म्हणाले, "आधी सरोजाकडे जा." मी गेले. तिने पेढा घेतला, अर्धा मोडून माझ्या हातावर ठेवला, आणि आत गेली.

मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली.