तपासणाऱ्याची जागा

वेखंडेकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी शहापूरच्या एसटी स्टँडवर पासच्या रांगेत उभी होते. फोन त्यांच्या मुलीचा होता. "भारती, बाबा गेले गं. सकाळी चहा घेतला, पेपर वाचला आणि खुर्चीतच..." मी नुसतं "हो ताई" म्हटलं. रांगेतून बाहेर पडायचं मला सुचलंच नाही. माझा नंबर आला, मी कॉलेजचा दाखला दिला, पास घेतला आणि किन्हवलीच्या गाडीत जाऊन बसले. गाडी निघाल्यावर लक्षात आलं, मांडीवरच्या छत्रीचा दांडा मी दोन्ही हातांनी घट्ट धरलाय. उजवा हात वर, डावा खाली. तलवार धरतात तसा.

याला आता सहा आठवडे झाले. काकांबद्दल लिहायला माझ्यापेक्षा मोठी माणसं आहेत. भातसानगरला धरणाच्या ऑफिसात त्यांनी तीस वर्षं अनुरेखक म्हणून नोकरी केली. साहेबांनी काढलेल्या नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून शाईने त्याची हुबेहूब प्रत काढायची, हे अनुरेखकाचं काम. त्यांच्या हाताखालून गेलेल्या कालव्यांबद्दल त्यांचे सहकारी सांगतील. पण हेच काका नोकरीतून सुटल्यावर युरोपातली सहाशे वर्षांपूर्वीची तलवारबाजी शिकायला लागले आणि ती माझ्याबरोबर शिकले, हे सांगायला माझ्याशिवाय कुणी नाही... म्हणून लिहिण्याचं धाडस करते आहे.

मी त्यांच्याकडे गेले ती भूगोलाच्या प्रॅक्टिकलसाठी. प्रथम वर्षाला नकाशे ट्रेस करायचे होते आणि माझी शाई दर वेळी पसरत होती. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे घरी विचारायला कुणी नव्हतं. वर्गात हात वर करायची मला भीती वाटायची. कुणीतरी सांगितलं, किन्हवलीत एक रिटायर झालेले ट्रेसर राहतात. आमची वाडी गावाच्या कडेला, त्यांचं घर गावात. मी जाऊन अंगणात उभी राहिले. काका म्हणाले, "उभी का? नकाशा काय उभ्यानं काढतात? बस खुर्चीवर." गावातल्या एखाद्या घरात मी खुर्चीवर बसले, तो पहिलाच दिवस.

त्यांनी मला पेन कसा धरायचा ते दाखवलं. मग नकाशाच्या खालच्या कोपऱ्यातली चौकट दाखवली. त्यात तीन ओळी होत्या : काढणार, अनुरेखन, तपासले. "मधली जागा माझी," ते म्हणाले. "तिसरी साहेबाची. तीस वर्षांत माझा एक कागद चूक म्हणून परत नाय आला. आणि साहेब पन कसा, तर न बघता सही नाय करायचा." हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता.

टेबलावर आणखी काही ट्रेसिंग होती. एकच लांब तलवार दोन्ही हातांनी धरलेली, घट्ट विजारी घातलेली माणसं. मी विचारलं, "काका, हे गडावरचे का?"

"नाय गो, जर्मनीकडचे. तिकडच्या एका ग्रंथालयानं जुनी पोथी इंटरनेटवर टाकलीय. कॉम्प्युटर आल्यापासून ट्रेसिंग कोन करतंय? हाताला काम पायजे म्हनून शहापूरला पानं छापून आनली आणि बसलो. पन काढून काढून कळेना, हा मानूस पडत कसा नाय? म्हनून उठून तसा उभा राहून बघितला." ते हसले. "मी पडलो."

काकांनी मग पोथीबद्दल शोधून शोधून वाचलं. त्यातल्या चार मुख्य पवित्र्यांची नावं त्यांनी मला सांगितली तेव्हा मलाही हसू आलं. बैल, नांगर, येडा आणि छप्पर. बैलात तलवार शिंगासारखी डोक्याजवळ धरायची, नांगरात कमरेजवळून टोक वर करायचं, छपरात खांद्यावर उभी, आणि येड्यात टोक जमिनीकडे सोडून द्यायचं, म्हणजे समोरच्याला वाटावं याला काही येत नाही. "बघ, कुठली लांबची मानसं, पन शेतकरीच वाटतात," काका म्हणाले. मला येडा पहिल्या दिवशी जमला.

मुरबाडच्या एका सुताराकडून त्यांनी सागाच्या दोन तलवारी करून आणल्या. त्याने विचारलं होतं म्हणे, "कुठल्या देवाला वाहायच्यात?" डोक्यावर क्रिकेटचं हेल्मेट, हातात विकेटकीपरचे ग्लोव्हज. रविवारी सकाळी अंगणात आम्ही दोघं उभे राहायचो आणि रस्त्याने जाणारी जीपसुद्धा हळू व्हायची. छापील पानं काकांनी आत ठेवून दिली होती, पडवीच्या भिंतीवर त्यांची ट्रेसिंग टांगलेली असायची. दमट हवेने आणि घामाच्या हातांनी शाई खराब होऊ नये म्हणून काकांनी प्रत्येक ट्रेसिंग शाईची बाजू आत करून पुठ्ठ्यावर चिकटवलं होतं. चित्रांशेजारची अक्षरं त्यांनी काढलीच नव्हती. "जे वाचता येत नाय ते काढायचं नाय," हा त्यांचा नियम. दुसरा नियम, व्हिडिओ बघायचे नाहीत. दुसऱ्याचं बघून शिकलं की त्याच्या चुकाही आपल्यात येतात, असं त्यांचं म्हणणं.

चित्रात डावा हात वर आणि उजवा खाली होता, म्हणून आम्हीही तसाच धरायचो. फार अवघड जायचं, काका तर अधूनमधून पडायचेही. सुमनकाकी पडवीतून तांदूळ निवडता निवडता बोलायच्या, "अशी कुऱ्हाड धरलीस तर ढलपी पन निघायची नाय गो भारते. तुझ्या बापाला इचार." काका म्हणायचे, "ती त्यांची रीत हाय. तुला काय कळतंय त्यातलं?" "मला लाकूड फोडायला कळतंय," काकी म्हणायच्या. मला मात्र काका दर रविवारी एकच गोष्ट सांगायचे. "तू लय वाट बघतेस. आधी पाऊल टाक, मग घाबर."

आठ महिने असे गेले. एका दुपारी कॉलेजच्या लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर मी सहज ती पोथी शोधून उघडली. बैलाचं पान होतं. माणसाचा उजवा हात वर होता... मला वाटलं, ग्रंथालयाने चित्र उलटं टाकलंय. मग शेजारची अक्षरं बघितली. वाचता येत नव्हती, पण ओळी डावीकडून एका रेषेत सुरू होत होत्या आणि उजवीकडे कमीजास्त संपत होत्या. मोठं रंगीत अक्षर डावीकडे होतं. लिखाण सुलट होतं, म्हणजे चित्रही सुलट. शाईची बाजू पुठ्ठ्याकडे गेल्यामुळे आमची सगळी चित्रं आरशात बघावीत तशी झाली होती. एकही कागद परत न आलेल्या माणसाने सतरा पानं उलटी लावली होती आणि त्यावरून आम्ही आठ महिने शिकलो होतो.

मी तीन आठवडे गप्प बसले. ही गोष्ट लिहिताना आजही लाज वाटते. काकांना राग येईल, याची भीती नव्हती. त्यांना वाईट वाटेल, मग ते तलवार ठेवून देतील, मग रविवार संपेल आणि ती खुर्चीही... असं काहीतरी मनात होतं. कालपरवा पेन धरायला शिकलेल्या मुलीने त्यांना चूक दाखवायची? मी रविवारी जायचे, उलटी उभी राहायचे आणि उलटेच वार करायचे.

चौथ्या रविवारी काका म्हणाले, "आज बैलापासून." मी तलवार उचलली आणि माझे हात बदलले. उजवा वर घेतला, पायही बदलला.

"भारती, उलटं धरलंस."

"नाही काका..." मी हात तसेच ठेवले. "मी पोथी बघितली. आपली पानं उलटी चिकटलीत."

काका भिंतीजवळ गेले. भिंतीवरचा पुठ्ठा काढला, चित्रावरून बोट फिरवलं. शाई वर असती तर तिची रेघ बोटाला जाणवली असती. बोट गुळगुळीत फिरलं. ते पुठ्ठा घेऊन आत गेले. मी हेल्मेट काढून ठेवलं आणि चप्पल शोधायला लागले. काकी म्हणाल्या, "बस गो, कुठं चाललीस? च्या ठेवलाय."

चहा निवला तरी काका आले नाहीत. मग आले ते पाण्याचं पातेलं आणि ब्लेड घेऊन. पुठ्ठा ओला करून कागद सोडवायला बसले.

"कधी कळलं तुला?"

"तीन आठवडे झाले."

"तीन आठवडे!" त्यांनी मान वर केली. "चूक करनारा तर करून बसतो. त्याला नाय दिसत. तपासनाऱ्यानं गप बसायचं नाय, गो." आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत, पण ते हसत होते. "आठ महिने! बैल उलटा, नांगर उलटा... नुसता येडा तेवढा सरळ!"

"मी पयल्याच दिवशी बोल्ले व्हते," काकी म्हणाल्या.

त्या दिवसापासून आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. सोडवलेले कागद फाटले होते, म्हणून काकांनी सगळी पानं नव्याने काढायला घेतली. सुलट धरल्यावर पाय आपोआप जागेवर यायला लागले आणि काका परत कधी पडले नाहीत. घाईत मात्र दोघांचाही डावा हात वर जायचा. मग दोघंही थांबायचो आणि हसायचो. त्या वर्षी मी वर्गात पहिल्यांदा हात वर केला. प्रश्न साधाच होता, पण घाबरले ते विचारून झाल्यावर. काकांना सांगितलं तर म्हणाले, "बरोबर क्रम हाय."

दिवसकार्य झाल्यावर काकींनी मला एक गुंडाळी दिली. "हे तुझं. त्यांनी वेगळं ठेवलं व्हतं." आत सतरा ट्रेसिंग होती, न चिकटवलेली. प्रत्येकाच्या कोपऱ्यात ऑफिसातली तीच चौकट. काढणार : नाव माहीत नाही. अनुरेखन : त्यांची सही. तपासले : कु. भारती वाघे. आणि पुढे सहीची जागा कोरी.

ती गुंडाळी मी घरी नेली नाही. आमच्याकडे काचेची खिडकी नाही, त्यांच्याकडे आहे. काकी त्यांची तलवार आता वाळवणावरच्या कोंबड्या हाकायला घेतात. उजवा हात वर. मी रविवारी जाते आणि छापील पानं शेजारी ठेवून तपासते. बारा झाली. नवव्या पानावर डाव्या पायाचा चवडा जरासा आत वळलाय, तिथे पेन्सिलने खूण केली. काकी म्हणतात, "सह्या कर नि मोकळी हो. किती बगशील?" मी म्हणते, "नाही काकी, अजून पाच राहिलीत." घाई कशाला करू? खुर्ची खिडकीजवळ ओढते, पान काचेवर धरते, आधी शाईची बाजू कुठली ते बोटाने चाचपते, आणि मग बघायला लागते.