डेपोच्या क्वार्टरमधलं बाळंतपण

डेपोत सागाच्या थप्प्या रचायला मजूर लागायचे. किस्से मात्र आपोआप रचले जायचे, आणि त्यांचा लिलावही होत नसे! आता रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी चार जुनी माणसं भेटली की एकेक ओंडका खाली उतरतोच. आमच्या बाळंतपणाचे ओंडके जरा जपूनच उतरवावे लागतात. 'आमच्या' म्हणतोय, कारण तयारी दोघांनी मिळून केली होती.

गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. मी सिरोंच्याच्या रस्त्यावरच्या एका लाकूड डेपोत बाबू. भोवती जंगल, मधे तीन क्वार्टर. एकात मी आणि माझी बायको शकू, दुसऱ्यात गार्ड मेश्रामभाऊ, तिसऱ्यात ट्रक ड्रायव्हर सलीमभाई आणि त्यांची बायको रेहानाभाभी. आमचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात, ब्रह्मपुरीला माहेरी जाताना, एसटीतच गेलं होतं. म्हणून या खेपेला शकूनं सांगून टाकलं, "मी इथून हलत नाई. जे व्हायचं ते इथीच होईन."

मी हो म्हणालो. पण आतून पार घाबरलो होतो.

* * *

पाळणा सलीमभाईंनी केला, कटाईत उरलेल्या सागाचा. मेश्रामभाऊ नियमाचा पक्का. हॅमरचा शिक्का मारल्याशिवाय डेपोतलं लाकूड हलवायचं नाही, म्हणून त्यानं पाळण्याच्या चारही पायांवर ठण ठण शिक्के मारले. "आता चोरीचा माल म्हनून कोनी पोट्ट्याले पकडनार नाई!"

पाळणा ओसरीत ठेवला. दुपारी तो कुरकुरायचा. मला वाटायचं शकू हलवते, तिला वाटायचं मी हलवतो. रिकामा पाळणा हलवू नये, यावरून आमचं चांगलं भांडणही झालं.

मग एका दुपारी आम्ही दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर जेवत होतो. बाहेर पानही हलत नव्हतं. आणि ओसरीत सुरू झालं, कुरर्र... कुरर्र...

मी उठायला लागलो तर शकूनं माझा हात धरला. "बसा," ती हळूच म्हणाली. "आत्ताच झोपलं असन."

* * *

मे महिन्यात क्वार्टरभोवतीच्या धुळीत वाघाचे पंजे दिसायला लागले. तीन क्वार्टरपैकी फक्त आमच्याभोवती! रोज सकाळी एक पूर्ण फेरी, आणि मग जंगलाकडे परत.

मेश्रामभाऊ ऑफिसमधली काच घेऊन आला. पंजावर काच ठेवून त्यानं पेननं ठसा गिरवला, मोजला, पुन्हा मोजला. मग डोकं खाजवत म्हणाला, "बाबू, वाघीन हाये. गाभन हाये. पाय पाह्य ना, कसे रुतून राह्यले."

मला घाम फुटला. शकू मात्र दारात उभी राहून पंजांकडे बघत होती. "एकलीच येते बिचारी," ती म्हणाली. "तिच्या घरी तयारीले कोनी नाई वाटते!"

त्यानंतर ती रोज उठल्या उठल्या विचारायची, "आल्ती का?" मी हो म्हटलं की तिला बरं वाटायचं. मला नाही.

* * *

तिचा हट्ट असला तरी मी सलीमभाईंना गुपचूप सांगून ठेवलं होतं, वेळ आलीच तर ट्रकनं हॉस्पिटल गाठायचं. म्हटलं एकदा रंगीत तालीम करू. रेहानाभाभींनी शकूला गोड बोलून केबिनमध्ये चढवलं. सलीमभाईंनी चावी फिरवली. इंजिन ढिम्म!

शकू खाली उतरली, ट्रक सुरू. चढली, बंद. असं तीन दिवस, तीन वेळा झालं. बॅटरी बदलली, डिझेलचा पाइप साफ केला. ड्रायव्हिंगमध्ये वीस वर्षं काढलेला माणूस, शेवटी बोनेट बंद करून हात पुसत म्हणाला, "बाबूजी, गाडी में कुछ खराबी नहीं है. ये भाभी को ले जाना नहीं चाहती."

शकू म्हणाली, "मी तर आधीच सांगत होती!"

* * *

मग उरली मैनाबाई. नाल्यापलीकडच्या गोंड पाड्यावरची म्हातारी दाई. ती येऊन शकूला तपासून गेली आणि जाताना मला म्हणाली, "मले याले उशीर झाला तर नाळ तुलेच कापा लागन."

मला शिकवायला तिनं चवळीच्या शेंगा घेतल्या. दोन ठिकाणी दोरा बांधायचा, मधे पात्यानं कापायचं. तेही डोळे मिटून, कारण "त्या येळी दिवा राहीनच असं नाई." मी टोपलीभर शेंगा कापल्या. शकू हसून हसून बेजार!

शेवटच्या शेंगेला हात दचकला. बोटांना काहीतरी कोमट लागलं होतं, आणि ते हळूच उडत होतं, नाडी उडावी तसं. डोळे उघडले तर चवळीची शेंग.

मैनाबाईनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "गरम लागलं ना? मंग शिकला तू."

शकूनं त्या शेंगांची भाजी केली. मी दोन दिवस वरणभातावर काढले.

* * *

नववा लागला तसा मी रोज पाच वाजता डेपो बंद करून मैनाबाईच्या पाड्यापर्यंत चालायला लागलो. प्रॅक्टिस! घड्याळ लावून जायचं, तिच्या दाराला हात लावायचा, परत. ती अंगणात मोहफुलं निवडत असायची. मान वर न करता विचारायची, "आज?" मी म्हणायचो, "नाई मावशी." ती म्हणायची, "मंग जाय."

एका सकाळी साहेबांनी मला कागद देऊन आलापल्लीला पाठवलं. "संध्याकाळी परत येशील," म्हणाले. दुपारी असा पाऊस लागला की परतीची एसटी नदीच्या अलीकडेच अडकली. पूल पाण्याखाली. सलीमभाई ट्रक घेऊन बल्लारशाला, मेश्रामभाऊ जंगलात कूपवर, म्हणजे झाडतोडीच्या पट्ट्यावर. शकूजवळ एकट्या रेहानाभाभी. तिला टाकून त्या मैनाबाईला बोलवायला जाणार कशा? पाच वाजले, सहा वाजले. मी एसटीच्या खिडकीशी बसून ते गढूळ पाणी बघत होतो, आणि लाज न बाळगता सांगतो, रडत होतो.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर धावतच घरी आलो. शकू पडून होती, थकलेली, पण हसत होती. कुशीत मुलगी. आणि चुलीपाशी मैनाबाई पाणी तापवत बसलेली!

मी तिचे पाय धरले. "मावशी, तुमाले कोनं बलावलं?"

तिनं माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं पाहिलं. "काऊन गंमत करतं रे? पाच वाजता तूच तर आलता. मी म्हनलं, 'आज?' तं काई बोललाच नाई. नुसता उभा. मंग मी उठली."

मी शकूकडे पाहिलं. ती माझी नजर चुकवून बाळाचं टोपडं सारखं करत होती.

"नाल्यात कमरेवर पानी होतं," मैनाबाई चूल फुंकत म्हणाली. "तुनंच हात धरून पार केलं मले. एवढा पाऊस, एवढं पानी, अन् तुहा हात पुरा कोरडा."