गोधडीची तीट

इस्त्रीत निखारे भरले की मास्तर मधलं बोट जिभेला लावायचे आणि इस्त्रीच्या बुडाला अलगद टेकवायचे. चर्र झालं की मान डोलवून म्हणायचे, "बोलली." नाही झालं तर इस्त्री विटेवर ठेवून द्यायची. "अजून गप हाय." गिऱ्हाईक घाईत असो नाहीतर लग्नाच्या मांडवातून उठून आलेलं असो, इस्त्री बोलल्याशिवाय मास्तर कापडाला हात लावत नसत.

भोरमध्ये आमच्या आळीच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. माणूस मूळचा विंझरचा. शिवणकाम करणारा म्हणून मास्तर, आणि मास्तरांची बायको म्हणून ती मास्तरीणबाई. आळीतल्या मुलांना ती खरोखरच शाळेतली बाई वाटायची, कारण ओरडायची तशीच. मास्तरांच्या गळ्यात टेप, कानावर निळी पेन्सिल आणि डोक्यात कायम काहीतरी नवीन. काही माणसांना नवीन वस्तू दिसली की ताप चढतो. तुम्हीही पाहिली असतील. मास्तर त्यातले.

ते दिवस मोठ्या कॉलरींचे होते. पोरांच्या शर्टाच्या कॉलरी खांद्यापर्यंत यायच्या आणि त्या ताठ उभ्या राहाव्यात म्हणून आत बक्रम घालायचं. मास्तरांचा पुतण्या मुंबईला शर्टाच्या कारखान्यात होता. एकदा येताना त्यानं काकासाठी एक गुंडाळी आणली. कापड नव्हे, कागद नव्हे, एक विरळ जाळी, दोन्ही बाजूंना डिंकासारखं काहीतरी लावलेली. दोन कापडांच्या मध्ये ठेवायची, वरून गरम इस्त्री दाबायची, की दोन्ही कापडं एकमेकांना धरून बसली. सुई नको, दोरा नको. पुतण्यानं आणखी एक सांगितलं. विलायतेत म्हणे बायका गोधडीचं सगळं सामान पाकिटात विकत आणतात. तुकडे कापलेले, चित्र काढलेलं, आपण फक्त जोडायचं.

झालं. आठवडाभर मास्तरांनी कुणाची विजार शिवली नाही. पॉपलिनचे तुकडे, चिटाचे तुकडे, कुणाच्या पोलक्याचे उरलेले कोपरे, सगळ्याच्या पाकळ्या कापल्या. आठ रंगीत पाकळ्या, मध्ये काळ्या अस्तराचा गोल, जाळी, आणि खाली लावायला मांजरपाटाचा एक चौकोन. सोबत निळ्या पेन्सिलीनं काढलेलं फूल. अशी पाकिटं त्यांनी फळीवर रचून ठेवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवू लागले. "चिकटलं म्हंजे चिकटलं," ते पाकळीवर बोट आपटून सांगायचे. "कापड फाटंल, पर हे सुटायचं न्हाई."

महिना गेला तरी एकही पाकीट खपलं नाही. गोधडी विकत घ्यायची ही कल्पनाच आमच्याकडे कुणाच्या गळी उतरेना. घरातली जुनेरं संपली की काय, असं बायका विचारायच्या. मास्तरीणबाई त्या पाकिटांवरची धूळ झटकताना मुद्दाम मोठ्यानं झटकायची.

आणि मग दुकानात मी शिरले.

तेव्हाची मी म्हणजे काय चीज होते, ते आधी सांगते. लग्नाला वर्ष झालेलं नव्हतं. बघायला आले तेव्हा माझ्या आईनं भरतकामाचा एक मोर पुढे ठेवला होता. मोर सुरेख होता. तो माझ्या मावसबहिणीनं भरलेला होता. मी मान खाली घालून बसले, आणि मुलगी लाजरी आहे असं सगळ्यांना वाटलं. त्या मोराच्या जोरावर मी सासरी आले, आणि वर्षभर उसवलेलं काही निघालं की माझं डोकं दुखायला लागायचं.

पण नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि माझं डोकं दुखून भागेना. सासूबाईंनी पेटीतून एक लुगडं काढलं. अंजिरी, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. त्यांच्या आईचं, आंबवड्याच्या आजीचं. आजी नातवंडं-पतवंडं पाहून, कुणाला त्रास न देता गेली होती. अशा माणसाचं जुनेर बाळाच्या अंगाला लागावं, म्हणजे बाळाला त्याचं आयुष्य मिळतं, ही आमच्याकडची रीत. आईची एवढी एकच वस्तू सासूबाईंकडे उरली होती. ती त्यांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "बाळाची गोधडी तू शिव, अंगाकडनं हे ठेव. तुझा हात चांगला आहे."

हात चांगला आहे! मोर आठवला आणि मला घाम फुटला.

मास्तरांना मी देवासारखी भेटले असेन, आणि मला ते. त्यांनी पाकीट सोडून मांडलं, पुन्हा बांधलं, तीनदा समजावलं. चौकोनावर फूल तयार करायचं, तो लुगड्यावर मधोमध टाचायचा, बाकी कडेकडेनं चार टाके. मी ऐकत होते असं माझ्या चेहऱ्यावर दिसत असावं. माझं लक्ष खरं तर पाकळ्यांच्या रंगांकडे होतं.

"वैनी, जमंल न्हवं?"

"न जमायला काय झालं," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई कुणाकडे तरी हळदीकुंकवाला गेल्या होत्या. नणंद झोपली होती, आणि नेमकी ज्या जुन्या गोधडीवर आम्ही इस्त्री करायचो तीच खाली घालून झोपली होती. गरोदर बाईच्या अंगाखालची गोधडी कशी ओढायची? मी इकडे तिकडे पाहिलं. लुगडं समोर घडी घालून ठेवलेलं. मऊ, जाड घडी. इस्त्रीखाली घालायला याहून चांगलं काय असणार! ते पसरलं, त्यावर जाळी ठेवली, जाळीवर पाकळ्या, मध्ये गोल. फूल फार छान दिसत होतं. मांजरपाटाचा चौकोन? पाकीट त्यातच बांधलेलं होतं ना. मला वाटलं, ते बांधायचं फडकं. बाजारातून वस्तू आणली की फडकं असतंच. मी त्याची घडी केली आणि तापलेल्या इस्त्रीची मूठ धरली.

बोट ओलं करून टेकवलं. इस्त्री बोलली. मी दाबली.

पाकळ्या एका हातानं उचलायला गेले तर त्यांच्याबरोबर लुगडंही उठलं. पुन्हा उचलून पाहिलं. लुगड्याला वरून धरून झटकलं. आंबवड्याच्या आजीच्या लुगड्यावर, पदरापासून हातभर अंतरावर, रंगीबेरंगी फूल असं बसलं होतं जणू आजी ते अंगावर घेऊनच जन्माला आली होती. हात लावला तर पत्र्यासारखं कडक. नवजात बाळाच्या पाठीला पत्रा!

मी लुगडं पिशवीत कोंबलं आणि दुकान गाठलं. बाजारचा दिवस होता. बाकावर दोन-तीन गिऱ्हाइकं बसलेली, कोपऱ्यात मास्तरीणबाई काजं करत होती. मी पिशवी उघडून दाखवली. एवढंच कसंबसं सांगितलं की हे सासूबाईंच्या आईचं आहे आणि त्यांच्याकडे तिचं दुसरं काही उरलेलं नाही.

मास्तरांनी लुगडं हातात घेतलं, उजेडाकडे धरलं. मग इस्त्री तापवली, बोट टेकवलं, ओलं फडकं घालून वाफ दिली, आणि एका पाकळीचा कोपरा गरम असतानाच नखानं उचलला. कोपरा उठला, पण लुगड्याचा एक धागा त्याबरोबर यायला लागला. त्यांनी तत्काळ हात काढून घेतला. गिऱ्हाइकांकडे पाहिलं. बायकोकडे पाहिलं. महिनाभर याच लोकांना ते शपथेवर सांगत होते की हे कधी सुटत नाही, आणि आता ते सुटावं म्हणून त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"वैनी, खरं सांगू का?" ते हळूच म्हणाले. "म्या हे अजून धुऊन बघितल्यालंच न्हाई."

बाकावरचा एकजण खो खो हसला. मास्तरीणबाई मात्र हसली नाही. तिनं सुई पोलक्याला टोचली आणि उठली. "आता बघू की मग," म्हणाली, "चूल पेटल्याली हाय."

दुकानामागच्या अंगणात तिनं पितळी घमेल्यात पाणी उकळलं, मूठभर सोडा टाकला. लुगड्याचा फुलाचा भाग तेवढा पाण्यात सोडला, बाकीचं मी दोन्ही हातांनी वर धरून उभी राहिले. मास्तर घमेल्यात बघत उकिडवे बसले. तेवढा वेळ मी आयुष्यात पुन्हा कधी देवाचं नाव घेतलेलं नाही. एकदम एक लाल पाकळी हलली. एक कड सुटली, मग दुसरी, आणि ती पाण्यावर आली. तिच्यामागून पिवळी. तिच्यामागून चौकड्याची. अशा पोहत वर आल्या जशा पुऱ्या तेलात वर येतात.

"सुटलं गं बाई," मास्तरीणबाई म्हणाली. मला इतकं हलकं वाटलं की मी लुगडं सोडूनच देणार होते.

मास्तरांच्या तोंडाकडे मी तेव्हा पाहिलं. तुम्हीही पाहायला हवं होतं. माझ्यासाठी जीव भांड्यात पडलेला, आणि त्याच वेळी महिनाभराची कमाईची आशा त्याच भांड्यात पाकळी-पाकळीनं तरंगत वर येत होती. एका डोळ्यानं हसणारा आणि दुसऱ्यानं सुतक पाळणारा माणूस मी तेवढाच पाहिला.

आठही पाकळ्या निघाल्या. जाळीसुद्धा शेवाळासारखी सुटली. राहिला फक्त मधला काळा गोल. बंद्या रुपयाएवढा. दोनदा उकळला, मास्तरांनी बोटानं चोळला, तो ढिम्म.

आणि तेवढ्यात सासूबाईंचा आवाज आला. हळदीकुंकू उरकून, ओटी सांभाळत, त्या दुकानाच्या मागच्या पायरीवर उभ्या. सून या वेळी घरात नाही म्हणून शोधत आलेल्या. समोर त्यांच्या आईचं लुगडं, ओलं, वाफाळलेलं, माझ्या हातात.

मास्तर उठले. धोतर झटकलं.

"काकी, बरं झालं आला. म्याच वैनींना बोलीवलं. बाळाच्या अंगाचं कापड हाय, उकळल्याबिगर सुई घालायची न्हाई, असं आमच्या हितं ठरिवलंय."

सासूबाईंनी लुगडं हातात घेतलं. मऊपणा पाहिला. गालाला लावलं. मग काळ्या गोलाशी बोट थांबलं. "हे काय?"



"तीट," मास्तर म्हणाले.

सासूबाईंनी मान वर केली.

"बाळाच्या गालाला लावता न्हवं? तशी गोधडीला. आजीचं लुगडं, त्यात पैलं नातवंड, लई नजर लागंल काकी. काजळ धुऊन जातं. ही जायची न्हाई." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बऱ्याच खालच्या आवाजात पुढे म्हणाले, "चिकटलं म्हंजे... चिकटलं."

सासूबाईंनी गोल नखानं खरवडून पाहिला. हलला नाही. त्यांचा चेहरा असा उजळला की मला माझ्या मोराची लाज वाटेनाशी झाली. "असलं आईलाच सुचलं असतं," त्या म्हणाल्या. आणि पुढे, "माझ्या सुनेला मेलीला किती काळजी."

त्यांना सगळं कळलं होतं का? मला माहीत नाही. विचारायची हौस मला कधी झाली नाही.

गोधडी शेवटी हातानंच झाली. अंगणात अंथरून, चार कोपऱ्यांवर दगड ठेवून, सासूबाई एका कडेनं, मास्तरीणबाई दुसऱ्या कडेनं, आणि मी तिसऱ्या. माझे टाके पावसाळ्यातल्या गोगलगायीसारखे वळत गेलेले आजही ओळखू येतात. बारशाच्या दिवशी पाळण्यात ती अंथरली, मुलगी तिच्यावर निजली, आणि सासूबाईंनी जमलेल्या प्रत्येक बाईला तो काळा गोल दाखवला. उकळलेली तीट म्हणाल्या. आळीत गरोदर बायकांना तोटा नव्हता. आठवड्याभरात दोघी जणी मास्तरांच्या दुकानात तीट लावून घ्यायला आल्या, मग शिवऱ्याहून एकीची आई एस.टी.नं आली. पाकिटं उघडली गेली. पाकळ्या पडून राहिल्या, गोल मात्र सगळे खपले. नवे गोल कापताना मास्तर माझ्याकडे बघत नसत आणि मी त्यांच्याकडे.

"वैनी," एकदा ते इस्त्री तापायची वाट बघत म्हणाले, "पाकळ्या सुटल्या, मग गोल का न्हाई सुटला?"

"मला काय ठाऊक. तुमचंच सामान."

"मला बी न्हाई ठाव," ते म्हणाले, आणि बोट जिभेला लावलं.

ती गोधडी नणंदेच्या मुलीनंतर तिच्या धाकट्या भावाला झाली, मग माझ्या तिघांना. त्यांनी तिच्यावर काय काय केलं ते लिहिण्यासारखं नाही. किती वेळा धुतली, दगडावर आपटली, उन्हात वाळवली, त्याला गणती नाही. मास्तरांची नजर अधू झाली तेव्हा ते दुकान बंद करून विंझरला गेले. धाकटं अंगावर असताना मी त्यांना भेटायला गेले, आणि गोधडी मुद्दाम बरोबर नेली. ते ओसरीवर बसले होते, टेप अजून गळ्यात. मी गोधडी मांडीवर ठेवली. त्यांनी हात फिरवत फिरवत गोल शोधला, अंगठ्याचं नख त्याच्या कडेखाली घालून पाहिलं. एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. मग बराच वेळ हसत राहिले, आवाज न करता.

पुढच्या पावसाळ्यात मास्तर गेल्याचं कळलं.

दुकानाच्या जागी आता दुसरंच काही आहे. गोधडी माझ्या पेटीत आहे. लुगडं विरत आलंय, माझे टाके बऱ्याच ठिकाणी उसवलेत. मधूनच मी ती काढते, दार लावून घेते, आणि त्या काळ्या गोलाच्या कडेला हळूच नख लावून बघते.