डाव्या पायाची चप्पल

आमच्या शेजारचे काका गाडी सुरू करण्याआधी डाव्या पायातली चप्पल काढून सीटखाली सारतात. जुन्या गाडीत तो पाय सतत क्लचवर असायचा. नव्या ऑटोमॅटिकमध्ये क्लचच नाही, तरी गर्दीत गाडी थांबत थांबत चालली की पाय सवयीने क्लच शोधतो आणि ब्रेक दाबतो. असा एक झटका काकूंच्या कमरेला बसला, तोही ऑपरेशननंतर. "उघडा पाय शुद्धीवर राहतो," काका म्हणतात.

घरी मी या चपलेवर लई विनोद केले.

परवा काकांच्या डोळ्यांत औषध घातलेलं, म्हणून काकूंना तपासणीला न्यायला त्यांच्या गाडीच्या स्टिअरिंगवर मी बसलो; माझी गाडी अजून क्लचवाली. नागापूरच्या एमआयडीसीत कंपन्या सुटल्या होत्या, रस्ता गच्च. गाडी हळू झाली आणि माझ्या डाव्या पायाने मोठ्या विश्वासाने क्लच दाबला. गाडी जागेवर थबकली. मागून काकू कण्हल्या.

शेजारच्या सीटवरून काका शांतपणे म्हणाले, "पार्किंगला टाका. अन् काढा."

माझ्या पायात नाडीचे बूट. गाठ सुटेना, मागे हॉर्नवर हॉर्न.

"वाजवू द्या त्यांना," काकू कमर धरून म्हणाल्या, "तुमी निवांत सोडा."