उतरलेल्या सेलांवरचा गायक

मी एकदा न ऐकलेल्या रेकॉर्डवर नऊ पानी रसग्रहण लिहिलं आणि ते सांगलीत पंचवीस-तीस जणांपुढे उभी राहून वाचलं. न ऐकलेली म्हणजे माझ्या समजुतीनं मी ती शंभरदा ऐकलेली होती. मूर्खपणा तो तिथेच. लबाडी केली असती तर निदान पकडले गेल्याचं समाधान मिळालं असतं. मी बापडी अगदी प्रामाणिकपणे तोंडावर आपटले.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सांगलीला इंग्रजी घेऊन बी.ए. करत होते, हॉस्टेलवर राहत होते आणि शनिवार-रविवार एस.टी.नं कडेगावच्या बाजूला आमच्या गावी जात होते. घट्ट वेणी, धुतलेली चप्पल आणि जगातल्या यच्चयावत गोष्टींवर मत. आज ती मुलगी माझ्या दारात आली तर मी तिला चहा देईन, पण बसायला सांगणार नाही.

थोरला भाऊ फौजेत होता. एका सुट्टीत येताना तो कुणा बदली झालेल्या साहेबाकडून झाकणाचा रेकॉर्ड प्लेअर घेऊन आला आणि सोबत एकच विलायती रेकॉर्ड. "ह्यो गाणारा आदी चौघांत गायचा. मग भांडला न् एकला झाला. समदी वाद्यं ह्यानंच वाजवल्यात," एवढं सांगून, "सहा सेल घाला म्हंजी बोलंल," म्हणून तो सासुरवाडीला गेला. मुखपृष्ठावर एक दाढीवाला माणूस अनवाणी पायांनी दगडी पायरीवर बसला होता. आई म्हणाली, "पाय धुवाय सांग त्येला, मग आत घे."

आता सेलांचं सांगते. आमचं घर ऊसवाल्यांचं. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची एक आणि चुलत्यांची एक, अशा तीन-तीन सेलांच्या दोन लांब बॅटऱ्या घरात होत्या. उसाला पाणी द्यायची पाळी रात्री-अपरात्री कधीही यायची, तेव्हा बॅटरी हातात पाहिजेच. म्हणून नवे सेल आले की ते बॅटरीत जात. उजेड पिवळा पडला की ते बॅटरीतून निघत आणि आमच्या पत्र्यावर उन्हात तापायला जात. सेल तापवले की चार दिवस आणखी चालतात, हे तेव्हा घराघरात माहीत होतं. आणि मग ते तापवलेले, दमलेले, निवृत्त सेल माझ्या प्लेअरला मिळत. मी नवे मागितले की आबांचं उत्तर ठरलेलं, "उसात जनावर असतंय. तुज्या गाण्यात काय चावतंय व्हय?"

त्यामुळे मी त्या गायकाला पहिल्या दिवसापासून उतरलेल्या सेलांवर ऐकलं. आवाज जड, खोल, ओढलेला. गिटारचा एक सूर सुटला की दुसरा येईपर्यंत माणसानं एक घास खाऊन घ्यावा. ढोल तर असे पडत जणू कुणी पोती उतरवतंय. आणि मला ते भयंकर आवडलं. चौघांतून उठून एकटा झालेला माणूस असाच गाणार, हे मला पटलंच. आमच्या घरात चौदा माणसं. एकटं बसायला मिळावं म्हणून मी ज्वारीच्या कणगीआड जाऊन वाचायची, आणि तरीही एकटा माणूस दुःखीच असतो अशी माझी पक्की समजूत. कुठून आली होती कोण जाणे.

चिडचिड किती व्हायची, विचारू नका. ऐन गाण्यात आबा येत, "ऊठ, पाणी आलंय," म्हणत, आणि बॅटरी अगदीच गेलेली असली तर प्लेअर उघडून त्यातल्या त्यात बरे तीन सेल काढून नेत. दुपारी आकाश भरून आलं की सेल तापत नसत. एकदा कावळ्यानं पत्र्यावरचा एक सेल ढकलून म्हशीच्या दावणीत टाकला. सगळ्यात वाईट म्हणजे मागच्या बाजूचं शेवटचं गाणं. तिथवर येईस्तोवर सेलांचा जीव जायचा. आवाज खाली खाली जायचा आणि एका शब्दाच्या मधोमध थांबायचा. मला ते गाणं एकदाही पुरतं ऐकायला मिळालं नाही. म्हणजे, ते पुरतं मिळत नाही हेच मला कळलं नाही. माझ्या मते ते तिथेच संपत होतं.

कॉलेजात आमचे इंग्रजीचे सर दर शुक्रवारी दुपारी एक बैठक घेत. एकानं आवडीची कविता, चित्र, काहीतरी घेऊन त्यावर बोलायचं. बोलणारी सगळी सांगलीची शहरातली पोरं. त्यातला एक डॉक्टरांचा मुलगा, घरी मोठा रेकॉर्ड प्लेअर असलेला, रॉक संगीतावरचा हक्क जणू सात-बाऱ्यावर नोंदवून बसला होता. मी सरांना विचारलं, मी एका रेकॉर्डवर बोलू का? तो मागून म्हणाला, "कडेगावात रॉक म्हणजे दगडच ना?" पोरं हसली. सर म्हणाले, "बोल की. चांगलं झालं तर कॉलेजच्या वार्षिक अंकात छापू."

झालं. मला ते छापून हवं होतं. उसाच्या गावच्या मुलीला कान असतो, हे कुणीतरी कागदावर मान्य केलेलं हवं होतं. महिनाभर मी दुसरं काही केलं नाही. शेवटच्या गाण्यावर तर दोन पानं लिहिली. त्यातलं एक वाक्य अजून पाठ आहे, कारण लाज विसरता येत नाही: "इथे कवी शब्द अर्ध्यावर टाकून देतो, कारण पुढच्या अर्ध्या शब्दाला ऐकणारा कुणी उरलेला नाही."

रेकॉर्ड आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेऊन एस.टी.त बसले. कंडक्टर हळू आवाजात म्हणाला, "फोटो हाय काय? कोण गेलं?" मी म्हटलं, कुणी नाही. त्यानं तरी विट्याचा स्टँड येईपर्यंत माझ्या शेजारी कुणाला बसू दिलं नाही.

बैठकीत आधी वाचायचं, मग रेकॉर्ड लावायची असं मी ठरवलं होतं. नाट्यमय व्हावं म्हणून. नऊ पानं वाचली. वर्ग शांत होता. डॉक्टरांचा मुलगासुद्धा हनुवटीवर हात ठेवून ऐकत होता. आयुष्यातली ती वीस मिनिटं माझी फार छान गेली.

मग सरांनी कॉलेजच्या विजेवरच्या प्लेअरवर सुई ठेवली.

आतून कुणीतरी एक तरणाबांड, उत्साही माणूस बाहेर पडला. आवाज पातळ, स्वच्छ, उडता. गिटार शाळा सुटल्यासारखी पळत होती. ढोल तर चक्क नाचत होते. मी उभी राहिले आणि ठामपणे म्हणाले, "सर, वेग चुकलाय. पंचेचाळीसवर लागलंय."

डॉक्टरांचा मुलगा उठला, बटण पाहिलं आणि म्हणाला, "तेहतीसच आहे."

"मग मशीन बिघडलंय," मी म्हटलं. इथे तरी थांबावं की नाही? पण नाही. मी पुढे गेले आणि फिरत्या रेकॉर्डच्या कडेला बोट टेकवलं. आवाज जड झाला, खाली आला, माझा गायक हजर झाला. मी वर्गाकडे वळून म्हणाले, "हे बघा. हे असं आहे ते."

हसू कुठून सुरू झालं ते मला दिसलं नाही. सर हसले नाहीत, त्यांनी माझं बोट हळूच उचललं आणि रेकॉर्ड, बाजू पालटून, शेवटपर्यंत वाजू दिली. ते फार वाईट झालं. कारण शेवटचं गाणं शब्दाच्या मध्ये थांबलं नाही. अर्धा टाकलेला शब्द त्यानं पुरा केला, आणखी दोन कडवी म्हटली, टाळ्या वाजवल्या आणि गाणं संपताना तो मनापासून हसला. एकटा झालेला माणूस इतका खूश असू शकतो, याचा मला संताप आला.

"कुठल्या प्लेअरवर ऐकलंस?" सरांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं, सेल, बॅटरी, पत्रा, सगळं. वर्ग पुन्हा हसला. वार्षिकाचं काय, असं मी विचारलं तेव्हा सर म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. ती नऊ पानं कुठेच छापली गेली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गावी गेले. आबा उंबऱ्यावर पान लावत बसले होते. सगळा राग मी त्यांच्यावर काढला. "तुमच्या सेलांनी माझं नाक कापलं," म्हटलं. "तुमचा ऊस वाचला, माझं हसं झालं." काय झालं, मी काय लिहिलं होतं, ते त्यांनी नीट विचारून घेतलं. मग उठले, बॅटरीचं बूड फिरवून कालच घातलेले नवे सेल काढले, चुलत्यांच्या बॅटरीतलेही काढले आणि सहाच्या सहा माझ्यापुढे ठेवले. "लाव," म्हणाले.

मी लावली. आबांनी आयुष्यात पहिल्यांदा ती रेकॉर्ड दोन्ही बाजूंनी, हातातलं पान तसंच ठेवून, अखेरपर्यंत ऐकली. मीही ऐकली. आज म्हणते, रेकॉर्ड फार चांगली होती. कुणाची परवानगी न घेता, स्वतःशीच खेळत केलेली. ढोल जिथे एक ठोका मुद्दाम उशिरा टाकतो ती जागा तर मला उतरलेल्या सेलांवर कधी कळलीच नव्हती. पण त्या दिवशी मला ती आवडेना. मला माझा तो जड आवाजाचा माणूस परत हवा होता, आणि तो तर जगात कुठे नव्हताच. मी रडायच्या बेतात होते, आणि रडायला कारण काय सांगावं तेही सुचत नव्हतं.

शेवटचं गाणं संपलं. आबांनी पान तोंडात घातलं, थोडा वेळ चावलं आणि म्हणाले:

"गडी ब्येस गातोय. पर तू लिवलंस त्यो ह्यो न्हवं, बाय. त्यो आपल्याच घरचा व्हता."